तेल न लावायची जागा

जुनी मोटारसायकल घ्यायची असेल तर आधी तिच्या पुढच्या डिस्कवर बोट फिरवून बघा, असं मी सगळ्यांना सांगते. बोट कोरडं राहिलं पाहिजे. थोडा काळपट भुगा लागला तर हरकत नाही, पण चिकट काही लागता कामा नये. लोक हसतात. त्यांना गाडी लिटरला किती पळते ते ऐकायचं असतं आणि मी आपली बोट फिरवायला सांगते. कुंभारीच्या पुढं कामगारांची वसाहत आहे, तिथल्या औषधाच्या दुकानात मी काउंटरला असते. गोळ्या घ्यायला येणाऱ्या पोरी बाहेर उभी असलेली माझी गाडी बघतात आणि विचारतात, "ताई, आमाला जमंल का ओ?" मी म्हणते, जमेल की, न जमायला काय झालं? मग हवा, चेन, क्लच, ब्रेक असं सगळं सांगते. डिस्कची गोष्ट मात्र पूर्ण सांगत नाही. ती गाडीपेक्षा माझ्या वडिलांची जास्त आहे, आणि मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं.

गाडी मामाची. मामा, म्हणजे आईचा भाऊ, मैंदर्गीला असतो. तिकडं अर्धं मराठी, अर्धं कानडी चालतं. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला दिली. सगळे म्हणाले, बाईमाणसाला स्कूटर बरी. पण मामाची गाडी समोर होती आणि स्कूटर नव्हती, एवढं साधं होतं ते. शिवाय मला निवडायला वेळही नव्हता. तोवर मी वडापच्या रिक्षानं जायची. रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही आणि भरली की माझं अर्धं अंग बाहेर. दुकानाचे मालक सरळ बोलले होते, "शटर वेळेवर उघडायला जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरी व्यवस्था करतो." घरात तेवढीच एक नोकरी उरली होती, म्हणून मी मोटारसायकल शिकले. हौस वगैरे काही नव्हती.

शिकवलं मामानंच. त्यांच्या शेताकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर तो मागं बसायचा आणि सारखं एकच म्हणायचा, "निधान, निधान." निधान म्हणजे हळू. मी क्लच सोडला की गाडी हरणासारखी उडी मारून बंद पडायची, आणि मामा मागून, निधान! मला इतका राग यायचा की एकदा मी गाडी उभी करून म्हणाले, "मामा, आता परत निधान म्हणलास तर तू चालत जा." तो हसला. त्यानं सांगितलेलं एक मात्र मी डोक्यात पक्कं ठेवलं. "हे बघ, फुडचा ब्रेक खरा. मागचा नुसता सोबतीला. फुडच्यावर इस्वास ठेवायला शिक." मी शिकले. दोन बोटं कायम पुढच्या ब्रेकवर ठेवायची सवय लावून घेतली.

आता वडिलांचं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते मंगळवेढ्याकडच्या एका गावातून तरुणपणी सोलापुरात आले आणि चादरीच्या कारखान्यात जॉबर झाले. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा. कारागीर माग चालवतो, माग बिघडला की जॉबरला बोलावतो. बोलावणं हातानं, कारण चालू कारखान्यात माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. धोटा इकडून तिकडं फेकला जातो त्याचा खडखडाट जन्मभर ऐकल्यावर कान काय राहणार? आप्पांचे गेले. एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात कापसात गुंडाळून ठेवलंय. आमच्या घरात हळू काही बोलताच येत नाही. "आप्पा, जेवायला चला" हे सगळ्या बोळाला कळतं.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायची. तेव्हा बघितलेलं अजून डोळ्यांपुढं आहे. माग दुरुस्त झाला की आप्पा तो लगेच कारागिराच्या ताब्यात देत नसत. स्वतः पुढं उभे राहून माग चालू करत आणि वीतभर कापड विणत. मग माग थांबवून त्या वीतभर कापडावरून तळहात फिरवत. धागा सुटलेला नाही, वीण विरळ नाही, अशी खात्री पटली की मागं उभ्या असलेल्या कारागिराच्या खांद्यावर एक थाप मारत. थाप पडली की माग त्याचा. त्याआधी कुणी हात लावायचा नाही. तिथले बरेच कारागीर घरी तेलुगू बोलणारे, आप्पांना तेलुगू येत नव्हतं, पण थाप सगळ्यांना कळायची.

तो कारखाना बंद झाला. माग भंगारात गेले. आप्पा ते बघायला गेले होते, जाऊ नका म्हणून आईनं किती सांगितलं. परत आले, पाय धुतले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. त्यानंतर ते तसेच पडून राहायला लागले. दुखणं काही नव्हतं. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, त्या मीच दुकानातून आणायची आणि त्या तशाच पाकिटात राहायच्या. जेवायला उठवावं लागायचं. दाढी वाढली. शेजारी विचारायचे, "आप्पा आजारी हायत का?" आई म्हणायची, "न्हाय न्हाय, आराम करत्यात." मला त्यांची काळजी वाटायची आणि त्यांचा संतापही यायचा. माणूस असा घरात असून नसल्यासारखा झाला की घराला चढलेला ओलसरपणा निघता निघत नाही.

गाडी आली त्या दिवशी आप्पा उठून बाहेर आले. त्यांना दोन चाकांचं म्हणून फक्त सायकल माहीत, मोटारसायकलवर ते कधी मागंसुद्धा बसले नव्हते. गाडीभोवती एक फेरी मारली, मग मला खूण केली, चालू कर. मी किक मारली. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. कान गेलेल्या माणसाचं ऐकणं ते. मग म्हणाले, "चाल बरी हाय. पण खालनं कायतरी ढिलं हाय." कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं बघितलं तर इंजिनाचा एक बोल्ट खरंच सैल होता. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दाढी केली.

त्यानंतर गाडी मी चालवायची आणि सांभाळायचे आप्पा. कपाटाखालून त्यांची कारखान्यातली पत्र्याची पेटी निघाली. पाने, पक्कड, लांब चोचीची तेलाची कुपी, सुताच्या चिंध्यांचा गोळा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या दुकानासमोर स्टूल टाकून ते बसायचे आणि तो काय करतो ते बघायचे. मिस्त्री पानानं तोंड भरलेला, आळशी, पण माणूस मोकळा. तो ओरडून ओरडून सांगायचा आणि आप्पा मान डोलवायचे. ऐकू किती आलं ते देवाला माहीत. पण घरी आल्यावर मला शिकवणी सुरू. चेन बोटानं वर उचलून बघायची, फार ढिली नको, फार ताठ नको. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीकडं बघायचं, तेलाचा थेंब पडलाय का. थंड इंजिनाला चोक द्यायचा आणि लगेच रेस करायची नाही, "झोपंतनं उटलेल्या मानसाला पळायला लावतंय का कोन?" हे मला ते सांगत होते, जे स्वतः कित्येक महिने झोपून होते! मी हसले, त्यांना कळलं नाही मी का हसले, मग तेही हसले.

त्यांचा एक नियम होता आणि तो नियम त्यांना मागांनी शिकवला होता. "लोखंड वरडतंय म्हंजी त्याल मागतंय." मागात तो खरा होता. कुठं कुरकुरलं की कुपी घ्यायची, दोन थेंब सोडायचे, चिंधीनं पुसायचं. मोटारसायकललाही तो बराचसा लागू पडायचा. साइड स्टँड कुरकुरला, दोन थेंब. क्लचची केबल जड झाली, दोन थेंब. चेनला तर रोज. गाडी इतकी गुमान चालायची की मामा आला तेव्हा ओळखेना.

पावसाळा सरता सरता पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की बारीक चीं करायचा. मी संध्याकाळी चहा पिताना सहज ओरडून सांगितलं, "आप्पा, फुडनं वरडतीया." त्यांनी मान हलवली.

दोन-चार दिवसांत खंडेनवमी आली. कारखान्यात या दिवशी सगळे माग पुसून लख्ख करायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि त्या दिवशी तिथं आवाज नसायचा. आप्पांच्या हातून इतक्या वर्षांत ही पूजा कधी चुकली नव्हती. यंदा माग नव्हता. आई कडाकण्या तळत होती आणि सारखी दाराकडं बघत होती, हे आज परत भिंतीकडं तोंड करतात की काय म्हणून. पण आप्पा पहाटेच उठले होते. त्यांनी गाडी अंगणात मेन स्टँडवर लावली आणि पेटी उघडली. चाकाची तार न् तार पुसली. मडगार्ड पुसलं. पुढच्या डिस्कवर पावसानं तांबूस गंज धरला होता, तो चिंधीनं घासून काढला. सगळी गाडी आरशासारखी झाली. मग हळदकुंकू, माळ, नारळ. आप्पांनी गाडीला हात जोडले आणि बराच वेळ तसेच राहिले. आईनं पदर डोळ्यांना लावला. मीही बघत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. किती चकाकतीय, असं मी हातानं खूण करून सांगितलं. त्यांनी पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं. "आता न्हाय वरडायची," म्हणाले.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. माळ अजून हँडलला होती. बोळातनं मी नेहमी पहिल्या गिअरवर, मागच्या ब्रेकवर निघते. नाक्यापर्यंत पुढचा ब्रेक लावायची वेळच आली नाही. अक्कलकोट रस्त्याला लागले, गाडी चौथ्यात टाकली. पुढं एक वडापची रिक्षा होती, मागच्या बाजूनं दोन शाळेच्या मुली लटकल्यासारख्या बसलेल्या, पाय बाहेर. रिक्षावाल्यानं कुणीतरी हात केला म्हणून जागेवर थांबवली. मी सवयीनं दोन बोटं दाबली.

लिव्हर हाताला नेहमीसारखी घट्ट लागली, पण गाडी थांबेना. मी अजून दाबली, सगळी बोटं लावून दाबली, आणि गाडी लोण्यावरनं घसरावी तशी पुढं जात राहिली. समोर त्या मुलींचे पाय. एकीच्या पायात पांढरे मोजे होते, एक वर, एक खाली घसरलेला. मी मागच्या ब्रेकवर उभी राहिले, मागचं चाक फिरायचं थांबून एका अंगाला सरकलं, आणि मी हँडल रस्त्याकडेच्या मुरमाकडं वळवलं. मग मी जमिनीवर होते आणि गाडी माझ्या पायावर.

मुलींना काही झालं नाही. रिक्षा तर निघूनही गेली. लोकांनी गाडी उचलली, मला उचललं. कोपर आणि गुडघा सोलला होता, एवढंच. एक गृहस्थ म्हणाले, "मोटारसायकल हे काय बायकांचं काम हाय व्हय?" मी म्हणाले, "मग तुमी बसा आनि लावून दावा की ब्रेक." ते गेले. मी तिथंच मुरमावर बसून रडले. कोपराचं दुखत होतं म्हणून नव्हे, त्या मोज्यांसाठी.

गाडी मी हळूहळू, नुसत्या मागच्या ब्रेकवर, मिस्त्रीकडं परत आणली. त्यानं डिस्कवर बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि पान थुंकून माझ्याकडं बघितलं.

"क्या ताई, डिस्क पे तेल कौन डाल्या?" मग मराठीत, "हितं दोन पॅड ही पत्र्याची चकती चिमटीत धरत्यात, तवा चाक थांबतंय. चकतीला तेल लावल्यावर धरनार काय? ह्ये सोडून गाडीला कुटंबी तेल घाला ओ."

कुणी लावलं हे मला विचारायची गरज नव्हती. माझ्या नाकालाही तो वास आला होता. लहानपणी डबा घेऊन गेल्यावर आप्पांच्या शर्टाला यायचा, तोच. मिस्त्रीलाही कळलं असावं, कारण पुढं काही न विचारता तो पाना शोधायला लागला. पॅडनी तेल प्यायलं होतं, ते बदलले. डिस्क साबणानं, पेट्रोलनं धुतली. मी दुकानात पोचले तेव्हा मालकांनी स्वतः शटर उघडलं होतं. माझं कोपर बघून त्यांनी कापसाचं पाकीट पुढं सरकवलं.

दिवसभर मी मनात भांडत होते. घरी जायचं आणि सांगायचं, सरळ, तोंडावर. आज दोन पोरींचे पाय गेले असते. मी गेले असते. कळत नाही त्यात हात कशाला घालायचा? संध्याकाळी दारात आईनं माझी ओढणी बाजूला करून कोपर बघितलं आणि मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. आई खाली बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "त्यास्नी सांगू नगंस."

"आई, मी मरता मरता वाचले."

"व्हय की. कळतंय मला. पन ती गाडी हाय म्हनून ह्यो मानूस सकाळी उटतोय. त्येबी गेलं तर मी काय करू, सांग."

आप्पा आतून आले, माझं कोपर बघून त्यांचा चेहरा उतरला. मी ओरडून सांगितलं, "वाळू हुती! वाळूवर घसरली!" त्यांनी मान हलवली आणि मला समजावून सांगितलं की वाळू दिसली की ब्रेक दाबायचा नाही, आधी रेस सोडायची. मग बाहेर जाऊन वाकलेलं पायदान सरळ करत बसले. मी आतून त्यांचं हातोडीचं ठकठक ऐकत ताट तसंच झाकून ठेवलं.

मग मी रोज सकाळी त्यांच्या आधी उठायला लागले. दुकानातलं स्पिरिट, इंजेक्शनच्या आधी कापसाला लावतात ते, एका बाटलीत आणून ठेवलं होतं. कापूस भिजवून डिस्क पुसायची, मग बोट फिरवायचं. कोरडं. तरी नाक्यापर्यंत चार वेळा ब्रेक दाबून बघायची. एकदा आप्पांनी बघितलं. "काय करतीस?" मी म्हणाले, धूळ. ते बघत राहिले. स्वतःच्या बापापासून गाडी लपवून साफ करायची, ही काय जगण्याची रीत झाली? मला आईचाही राग यायला लागला होता, त्यांचाही. पुढच्या ब्रेकवरचा विश्वास तर गेलाच होता. रिक्षा दिसली की मी लांबूनच वेग कमी करायची.

नवे पॅड बसेपर्यंत आवाज करतात, हे मिस्त्रीनं सांगितलं होतं. माझ्या गाडीनंही केला. मी आप्पांना काही बोलले नाही. पण एका संध्याकाळी मी गाडी बोळात आणून थांबवत होते आणि ते दारात उभे होते. त्यांनी सहज हँडलच्या दांड्यावर हात ठेवला. तळहाताला चीं कळली. मी बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी ओळख उमटली.

सकाळी मी स्पिरिट घेऊन बाहेर आले तर ते माझ्या आधी उठलेले. पुढच्या चाकाशी उकिडवे बसलेले, हातात लांब चोचीची कुपी, चोच डिस्कवर टेकलेली. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. त्यांनी दचकून वर बघितलं. मला गप्प बसता आलं असतं. खुणेनं नको म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघालं ते निघालंच, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून माझ्या सगळ्या ताकदीनिशी निघालं.

"त्या त्यालानं पडले मी! वाळू नव्हती! तुमी लावलेल्या त्यालानं पडले! मेले असते मी, आप्पा!"

शेजारच्या घराचं दार उघडलं. समोरची बाई झाडू हातात घेऊन थांबली. आमच्या घरात हळू काही सांगताच येत नाही, म्हणून माझ्या बापाची चूक त्याला सांगितली ती सगळ्या बोळाच्या साक्षीनं. आईनं आतून येऊन कपाळाला हात लावला.

कुपी आप्पांनी फार जपून, सांडू न देता, खाली ठेवली. हात चिंधीला पुसले. आत गेले.

मी सांगितलं त्याचा मला पस्तावा नाही, आजही नाही. न सांगून चालणारच नव्हतं. पण ती झाडूवाली बाई मला अजून दिसते.

ते परत भिंतीकडं तोंड करून पडले. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. गाडी मी एकटी सांभाळायला लागले आणि माझी सांभाळणी यथातथाच. चेनला तेल द्यायचं राहून जायचं, ती सुकी होऊन खडखडायची. हवा कमी झालेली मला दोन दिवस कळली नाही. पेटी अंगणात पायरीखाली तशीच पडून होती, कुणी आत नेली नाही. रोज निघताना मी त्यांच्या पाठीकडं बघायची. मला वाटायचं, ब्रेक धरतोय आता, आणि माणूस सुटला हातातनं.

मग एका सकाळी मी गाडी बाहेर काढली आणि किक मारायला पाय उचलला तर आप्पा दारात. दाढी केलेली. अंगात कारखान्यातला खाकी शर्ट. माझ्याकडं न बघता त्यांनी चेन बोटानं वर उचलून बघितली, तोंड वाकडं केलं, पायरीखालची पेटी उघडून कुपी काढली आणि माझ्या हातात दिली.

"त्यालाचं आता तू बघ," म्हणाले. "कुटं लावायचं, कुटं न्हाय, तुला ठावं हाय."

मी चेनला तेल दिलं. ते उभे राहून बघत होते. मग त्यांनी खाली वाकून डिस्कवर बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं, नाकाजवळ नेलं. आणि गाडीच्या मागच्या सीटकडं खूण केली.

"मी बसतो मागं."

आई धावत आली, "आवो, कशाला? कंदी बसलाय व्हय तुमी?" त्यांना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकलं नाही. माझे दोन्ही खांदे धरून, गुडघ्याला जपत, मोठ्या मुश्किलीनं ते चढले. त्यांचं वजन मागं आल्यावर गाडी खाली बसली. ते घाबरले होते. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती.

मी निधान निघाले, मामा खूश झाला असता इतकी निधान. नाक्याच्या पुढं रस्ता मोकळा होता. मी तिसऱ्यात गेले. मागून त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बोट दाखवलं. मला कळलं त्यांना काय हवंय. त्या दिवसानंतर मी पुढचा ब्रेक पूर्ण असा कधी दाबलाच नव्हता. आता मागं ते होते. नाही धरला तर? मी मान हलवली, नको. त्यांनी परत बोट दाखवलं.

मी दाबला. गाडीनं नाक खाली घातलं आणि थांबली. आप्पा सगळेच्या सगळे माझ्या पाठीवर आले, त्यांची हनुवटी माझ्या खांद्याला लागली. त्यांचा श्वास जोरजोरात चालला होता, माझाही.

"परत," ते म्हणाले.

मी परत वेग घेतला, परत दाबला. गाडी थांबली. मग अजून एकदा. वसाहतीच्या कमानीपर्यंत त्यांनी मला थांबायला लावलं, आणि पहिल्या थांबण्यानंतर माझे खांदे सोडून, काही न धरता, ते हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी त्यांना येत नव्हती, वीतभरसुद्धा चालवता येत नव्हती. म्हणून तिची परीक्षा त्यांनी मागं बसून घेतली.

दुकानासमोर मी गाडी उभी केली. ते उतरले. सीटला धरून जरा उभे राहिले. मी शटरची किल्ली काढत होते, पाठ त्यांच्याकडं होती, आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर थाप पडली.